बोटाचा नंबर हरवू नका: स्पर्शटेबल आणि त्याचं सॉफ्टवेअर, पहिल्या एलईडीपासून पिंच-झूमपर्यंत

स्पर्शटेबल म्हणजे अनेक बोटांचा स्पर्श एकाच वेळी ओळखणारा टेबलाएवढा पडदा, आणि त्याचा खरा कस लागतो तो कोल्हापूरच्या गुजरीतल्या सराफी दुकानात. टेबलावर कोल्हापुरी साजाचा फोटो उघडा आहे. सून दोन बोटांनी साजातलं एक पान (पदक) मोठं करून बघतेय, सासूबाई शेजारच्या तुशीचा फोटो आपल्याकडे ओढतायत, आणि कडेवरचं पोर मधेच पंजा आपटतंय. अशा वेळी साजाचा फोटो टुणकन उडी मारून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेला, की बनवणारा म्हणतो, ‘सेन्सर खराब आहे.’ बहुतेक वेळा सेन्सर ठणठणीत असतो. कॅमेऱ्याने ज्या बोटाला ७ नंबर दिला होता तेच बोट पुढच्या फ्रेममध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या पुढच्या चित्रात, ९ झालेलं असतं, आणि वरच्या सॉफ्टवेअरला ते कळलेलं नसतं.

मल्टिटचमध्ये पिंच, झूम, फिरवणं याचं गणित आठवी-नववीच्या पातळीचं आहे. कष्ट आहेत ते टेकलेल्या प्रत्येक बोटाची ओळख टेकल्यापासून उचलेपर्यंत सांभाळण्यात. हा लेख त्याच क्रमाने जातो: सांगाडा, कॅमेरा, ओळख, कॅलिब्रेशन, निरोप, आणि शेवटी हावभाव.

तयार फ्रेम की घरचं टेबल?

दुकानात बसवायचंच असेल आणि मुदत महिन्याभराची असेल, तर साधा एलईडी टीव्ही आणि त्यावर बसणारी इन्फ्रारेड टच फ्रेम घ्या. फ्रेमच्या कडांमध्ये एका बाजूला इन्फ्रारेड एलईडी आणि समोर रिसीव्हर असतात. बोटाने किरण अडवले की जागा कळते. यूएसबीला जोडली की विंडोज आणि लिनक्स दोन्ही तिला टचस्क्रीन म्हणून ओळखतात. घेताना ती किती बोटं ओळखते ते विचारा आणि प्रत्यक्ष तपासा. जुन्या दोन-बोटी फ्रेममध्ये तिरप्या रेषेत दोन बोटं ठेवली की उरलेल्या दोन कोपऱ्यांवर भुताटकीची बोटं उमटायची, कारण आडव्या आणि उभ्या किरणांवरून चारही छेदबिंदू सारखेच दिसतात. दुसरा दोष जन्मजात आहे: किरण काचेच्या काही मिलिमीटर वरून जातात, त्यामुळे साडीचा पदर किंवा लोंबणारी बाही टेकली नाही तरी ‘टेकते’.

शिकायचं असेल, कॉलेजचा प्रकल्प असेल किंवा दाब थोडाफार ओळखायचा असेल, तर अ‍ॅक्रिलिकचं टेबल बांधा. जेफरसन हान यांनी २००५ साली मांडलेली पद्धत अजूनही सगळ्यात स्वच्छ आहे. अ‍ॅक्रिलिकच्या कडेतून इन्फ्रारेड प्रकाश आत सोडायचा. अ‍ॅक्रिलिकचा अपवर्तनांक सुमारे १.४९ आहे, म्हणून लंबाशी ४२ अंशांपेक्षा जास्त कोनात आदळणारा प्रकाश बाहेर न पडता आतल्या आत उसळत राहतो. बोट दाबलं की त्या जागी हवेऐवजी कातडी येते, उसळणं मोडतं आणि प्रकाश खाली सांडतो. खालून बघणाऱ्या कॅमेऱ्याला तिथे पांढरा ठिपका दिसतो.

सांगाडा आणि वायरिंग

पुढचे सगळे आकडे ८० × ६० सेंमी पृष्ठभागासाठी आहेत. हे माप ४:३ प्रमाणात बसतं, म्हणून ६४० × ४८० च्या कॅमेऱ्यात एक सेंटिमीटरला बरोबर ८ पिक्सेल मिळतात. हा ‘आठ’ लक्षात ठेवा, पुढे वारंवार लागेल.

अ‍ॅक्रिलिक ८ ते १० मिमी जाडीचं, कास्ट प्रकारचं घ्या. ५ मिमी शीट मधोमध झोळ खाते, आणि ५ मिमी एलईडीचा प्रकाश तिच्या कडेत नीट शिरत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात शीट कापून आणि एक इंची चौकोनी पाइपची चौकट वेल्ड करून सहज मिळते, पण कडांचं पॉलिश मात्र स्वतःच्या हाताने करा. कापलेली कड दुधी दिसते आणि निम्मा प्रकाश तिथेच मरतो. पाणी लावून २२०, ४००, ६००, १०००, १५०० या क्रमाने पॉलिश पेपर फिरवा आणि शेवटी पॉलिशिंग कंपाउंड. कडेतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता आलं की झालं. कुणी ज्योतीने कड चकचकीत करून देतो म्हणाला तर नको म्हणा. तापलेल्या कडेवर नंतर थिनर लागलं की बारीक तडे जातात.

एलईडी ८५० नॅनोमीटरचे घ्या. ९४० चे अजिबात लाल दिसत नाहीत हे खरं, पण साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर तिथे पार मंदावतो. दोन्ही लांब कडांना प्रत्येकी ३०, म्हणजे साधारण अडीच सेंटिमीटरला एक, असे ६० एलईडी. सहा-सहाची माळ करा. प्रत्येकावर सुमारे १.५ व्होल्ट पडतात, सहांचे ९. बारा व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरमधून उरले ३. माळेत ६८ ओहमचा रेझिस्टर टाकला की प्रवाह ४४ मिलिअँपियरच्या आसपास बसतो. दहा माळांचे मिळून अर्धा अँपियरसुद्धा होत नाही, म्हणून १२ व्होल्ट, २ अँपियरचा अ‍ॅडॉप्टर आरामात पुरतो. सात एलईडीची माळ करून रेझिस्टर लहान घेण्याचा मोह होतो. तो टाळा. अ‍ॅडॉप्टरने अर्धा-पाऊण व्होल्ट जास्त दिला की अशा माळेत प्रवाह एकदम चढतो. रेझिस्टर अर्ध्या वॉटचे घ्या, किंमत तेवढीच. माळ पेटली का ते डोळ्याला नीट कळत नाही. मोबाइलच्या कॅमेऱ्यातून बघा, बहुतेक मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यात जांभळट दिसतं.

नुसत्या अ‍ॅक्रिलिकवर कोरडं बोट उमटत नाही आणि घामेजलेलं बोट उचलल्यावरही डाग मागे राहतो. त्याला उपाय म्हणजे सिलिकॉनचा थर. पारदर्शक सिलिकॉन सीलंट झायलीनमध्ये कढीइतकं पातळ करा, फोमच्या रोलरने ट्रेसिंग पेपरवर तीन-चार पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. हे काम गच्चीवर करा, बंद खोलीत झायलीनचा वास डोकं धरतो. वाळल्यावर सिलिकॉनची बाजू खाली करून कागद अ‍ॅक्रिलिकवर नुसता ठेवायचा, चिकटवायचा नाही. थर गुळगुळीत झाला तर तो अ‍ॅक्रिलिकला चिकटून बसतो आणि बोट उचललं तरी ठिपका राहतो. रोलरने येणारा संत्र्याच्या सालीसारखा खरबरीतपणा इथे हवाच असतो. चित्र प्रोजेक्टरने खालून याच कागदावर पडतं.

कॅमेरा: आधी सगळं ‘ऑटो’ बंद

प्लेस्टेशन ३ साठी निघालेला ‘आय’ कॅमेरा जुना झाला तरी या कामाला अजून चालतो. ६४० × ४८० ला सेकंदाला ६० फ्रेम देतो आणि लिनक्समध्ये त्याचा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. लेन्समागची इन्फ्रारेड अडवणारी काच काढावी लागते आणि तिच्या जागी दृश्य प्रकाश अडवणारी फिल्टर. फुकटातला मार्ग म्हणजे धुतलेल्या रंगीत निगेटिव्हचा काळा तुकडा, दोन पदरी. स्टुडिओवाल्यांकडे जुन्या रोलांची टोकं अजून सापडतात. पैसे घालायची तयारी असेल तर ८५० चा बँडपास, म्हणजे फक्त त्याच्या आसपासचा प्रकाश सोडणारा, फिल्टर घ्या, कारण निगेटिव्ह दृश्य प्रकाश अडवते पण उन्हातलं आणि हॅलोजनमधलं सगळं इन्फ्रारेड आत सोडते.

सराफी दुकानात हीच मेख आहे. सोनं चमकावं म्हणून काउंटरवर हॅलोजनचे स्पॉट लावलेले असले, तर ते प्रकाशापेक्षा इन्फ्रारेडच जास्त ओकतात आणि टेबलभर पांढरं धुकं दिसतं. टेबलावरचे स्पॉट एलईडीचे करून घ्या. सॉफ्टवेअरमध्ये चार दिवस झुंजण्यापेक्षा दोन दिवे बदलणं स्वस्त पडतं.

कॅमेरा किती खाली ठेवायचा? रुंदीच्या निम्म्याला, आडव्या दृष्टिकोनाच्या निम्म्याच्या टॅनने भागा. ६० अंशांच्या लेन्सला ४० भागिले ०.५७७, म्हणजे सुमारे ६९ सेंमी. त्यात कॅमेऱ्याची जाडी आणि थोडा सरकायला वाव धरा.

ऑटो एक्स्पोजर, ऑटो गेन, ऑटो व्हाइट बॅलन्स बंद. हे केलं नाही तर पंजा टेकला की कॅमेरा स्वतःहून चित्र काळवंडतो आणि बाकीची बोटं गायब होतात. फ्रेमचा वेग ६० ऐवजी ५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हॅलोजन आणि पिवळे दिवे सेकंदाला १०० वेळा लपलपतात. ६० च्या वेगात ते २० हर्ट्झची थरथर बनून चित्रात उतरतं, ५० च्या वेगात प्रत्येक फ्रेम त्याच टप्प्यावर पडते आणि थरथर नाहीशी होते.

चित्रावरची प्रक्रिया ओपनसीव्ही या लायब्ररीत लिहा किंवा कम्युनिटी कोअर व्हिजन हा तयार प्रोग्राम वापरा, क्रम तोच. चित्र करड्या छटेत, त्यातून रिकाम्या टेबलाचं चित्र वजा, मग ३ × ३ चा ब्लर, मग हाय-पास म्हणजे मोठे धूसर डाग काढून फक्त बारीक ठिपके ठेवणं, मग थ्रेशोल्ड म्हणजे ठरावीक उजळपणाखालचं सगळं टाकणं, आणि उरलेल्या ठिपक्यांची बाह्यरेषा. बोटाचा टेकलेला भाग ८ ते १० मिमी, म्हणजे व्यास ६ ते ८ पिक्सेल आणि क्षेत्रफळ साधारण २८ ते ५०. किमान १२ आणि कमाल १५० ठेवा. पंजा, मनगट, कोपर त्यापेक्षा मोठे, ते आपोआप गळतात. बांगड्या मात्र लहानच असतात. त्यांचा ठिपका लांबट येतो, म्हणून लांबी रुंदीच्या तिपटीहून जास्त असेल तर तो टाकून द्या.

थ्रेशोल्ड दोन ठेवा. ठिपका जन्माला यायला समजा ४० आणि मरायला २५. एकच आकडा असला की ३९-४०-४१ वर रेंगाळणारं हलकं बोट सेकंदात दहा वेळा टेकतं आणि उचलतं.

ओळख: इथेच घाई करू नका

आता प्रत्येक फ्रेममध्ये ठिपक्यांची यादी मिळते. यादीला नावं नसतात. मागच्या फ्रेममधला कोणता ठिपका आताचा कोणता, हे ठरवणं म्हणजे ट्रॅकिंग.

सोपा नियम: सगळ्यात जवळचा तोच. तो कुठे तुटतो ते आकड्यांत बघा. घाईत स्वाइप करणारं बोट सेकंदाला १०० सेंमी सहज जातं. ५० फ्रेमच्या वेगात एका फ्रेमला २ सेंमी, म्हणजे १६ पिक्सेल. आणि शेजारी-शेजारी ठेवलेल्या तर्जनी आणि मधल्या बोटात अंतर किती? तेही साधारण २ सेंमी, १६ पिक्सेल. तर्जनी एका फ्रेममध्ये सरकून बरोबर मधल्या बोटाच्या जुन्या जागी पोचते, आणि ‘जवळचा’ नियम तिला मधल्या बोटाचा नंबर देऊन मोकळा होतो. फोटो उडी मारतो तो इथे.

उपाय तीन, आणि तिन्ही एकत्र लावायचे. पहिला, प्रत्येक बोटाचा वेग लक्षात ठेवून पुढच्या फ्रेममध्ये ते कुठे असेल याचा अंदाज काढा आणि अंतर त्या अंदाजापासून मोजा, जुन्या जागेपासून नाही. दुसरा, एकेक बोट घेऊन जवळचं शोधू नका. सगळ्या जुन्या-नव्या जोड्यांची अंतरं मांडून एकूण बेरीज सगळ्यात कमी येईल अशी वाटणी करा. हंगेरियन अल्गोरिदम हेच करतो, आणि दहा-वीस बोटांसाठी त्याला लागणारा वेळ नगण्य असतो. तिसरा, अंदाजापासून २० पिक्सेलच्या पलीकडचा ठिपका कधीच जोडू नका, त्याला नवा नंबर द्या. चुकीची ओळख देण्यापेक्षा नवी ओळख देणं केव्हाही बरं: नव्या नंबराने फार तर ओढणं थांबतं, चुकीच्या नंबराने फोटो पळतो.

एखाद-दुसऱ्या फ्रेमला ठिपका हरवतोच, विशेषतः बोट वेगात असताना दाब कमी होतो तेव्हा. म्हणून हरवल्याबरोबर ‘उचललं’ जाहीर करू नका. ३ फ्रेम, म्हणजे ६० मिलिसेकंद वाट बघा, तोपर्यंत अंदाजाच्या जागी ते आहे असं धरा. याहून जास्त वाट पाहिली तर दोनदा टिचकी मारणाऱ्या माणसाची दोन टेकणी एकच मोजली जातील.

एकदा वापरलेला नंबर पुन्हा देऊ नका, मोजणी चढतीच ठेवा. ‘३ नंबर रिकामा झाला, तोच देऊ’ ही काटकसर पुढे फार महागात पडते.

कॅलिब्रेशन

कॅमेऱ्याचे पिक्सेल आणि पडद्याचे पिक्सेल जुळवायचे. चार कोपरे टोचून होमोग्राफी, म्हणजे एक चौकोन दुसऱ्यावर बसवणारं गणित, काढली की तिरपेपणा निघतो, पण लेन्सचा फुगवटा निघत नाही: कडांना बरोबर आणि मध्ये एक-दीड सेंटिमीटर चूक, किंवा उलट. म्हणून आधी बुद्धिबळाच्या पटाचा छापील कागद वेगवेगळ्या कोनांत धरून लेन्सची वक्रता मोजा, ती काढा, आणि मग होमोग्राफी लावा. यासाठी काढलेले पंधरा-वीस फोटो पुरतात. टेबल जागेवर नेऊन ठेवल्यावर चार कोपऱ्यांची पायरी पुन्हा करावी लागते. टेम्पोतून जाताना कॅमेरा एक अंश हलला तरी ६९ सेंमीवर ती चूक १२ मिमीची होते.

निरोप कसा पाठवायचा

ट्रॅकर (बोटं ओळखणारा प्रोग्राम) आणि प्रत्यक्ष अ‍ॅप वेगळे ठेवा. मधला निरोप टुइओ या प्रोटोकॉलने जातो. तो २००५ पासून आहे, यूडीपीवरून चालतो आणि नेहमीचा पोर्ट ३३३३. बोटांसाठीच्या प्रोफाइलमध्ये प्रत्येक निरोपाचे तीन भाग: ‘अलाइव्ह’ म्हणजे आत्ता टेकलेल्या सगळ्या बोटांचे नंबर, ‘सेट’ म्हणजे एका बोटाचा नंबर, जागा, वेग आणि त्वरण, आणि ‘एफसेक’ म्हणजे फ्रेमचा क्रमांक. जागा पिक्सेलमध्ये नसते, ० ते १ मध्ये असते.

यात ‘बोट उचललं’ असा वेगळा निरोपच नाही, आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे. यूडीपीत पाकिटं हरवतात. ‘उचललं’ हेच पाकीट हरवलं असतं तर ते बोट कायमचं चिकटून बसलं असतं. इथे दर वेळी हजेरीपट येतो. ज्याचं नाव पटावर नाही ते बोट गेलं. स्वतः वाचक लिहिताना लोक फक्त ‘सेट’ वाचतात आणि मग न उचलली जाणारी बोटं शोधत बसतात. जुना एफसेक असलेलं उशिरा आलेलं पाकीटही टाकून द्या. दोन ट्रॅकर एकाच अ‍ॅपला जोडले तर दोघांचाही ५ नंबर येऊ शकतो, म्हणून ओळख ‘स्रोत अधिक नंबर’ अशी जोडीने ठेवा.

काहीच येत नसेल तर क्रमाने तीन गोष्टी बघा: फायरवॉल, तोच पोर्ट आधीपासून धरून बसलेला दुसरा प्रोग्राम, आणि ट्रॅकरमध्ये लिहिलेला आयपी पत्ता.

तयार फ्रेम घेतली असेल तर ही पायरी ऑपरेटिंग सिस्टिम करते. लिनक्समध्ये प्रत्येक बोटाला ‘स्लॉट’ आणि ‘ट्रॅकिंग आयडी’ मिळतो आणि आयडी उणे एक झाला की बोट उचललं. इव्हटेस्ट हा छोटा प्रोग्राम चालवून ते कच्च्या रूपात बघता येतं. अ‍ॅपवर संशय घेण्याआधी हे एकदा बघाच.

अ‍ॅपमध्ये: यादी नको, नंबराचा कप्पा

पायथॉनमधलं किवी हे अ‍ॅप बनवायचं साधन सुरुवातीला सगळ्यात सुटसुटीत. सेटिंगच्या इनपुट विभागात टुइओचा पत्ता लिहिला की टेकलं, सरकलं, उचललं अशा तीन घटना मिळतात. हार्डवेअर येईपर्यंत माउसचं उजवं बटण दाबून लाल ठिपक्यांची खोटी बोटं ठेवता येतात, पण प्रत्यक्ष टचस्क्रीनवर हीच सोय नडते: एकाच स्पर्शाची एक घटना टचकडून आणि दुसरी माउसकडून येते आणि बटण दोनदा दाबलं जातं. टेबलावर चढवताना माउसचा इनपुट बंद करा. टुइओत उगमबिंदू वर डावीकडे असतो, किवीत खाली डावीकडे. किवीचा स्वतःचा वाचक हे उलटवून देतो, तुम्ही लिहिलेला वाचक देणार नाही.

अँड्रॉइडवर तीच चूक वेगळ्या वेषात येते. तिथे प्रत्येक बोटाला इंडेक्सही असतो आणि आयडीही. पहिलं बोट उचललं की दुसऱ्याचा इंडेक्स १ वरून ० होतो, आयडी तोच राहतो. इंडेक्सवर विसंबलेलं अ‍ॅप नेमकं तेव्हाच झटका देतं. ब्राउझरमध्ये पॉइंटर इव्हेंट वापरत असाल तर दोन गोष्टी: त्या भागाचं ‘टच-अ‍ॅक्शन’ बंद करा, नाहीतर ब्राउझर स्वतःच पान सरकवू लागतो, आणि ‘पॉइंटर-कॅन्सल’ला ‘उचललं’ इतकंच गांभीर्याने वागवा.

बोट ज्या फोटोवर टेकलं, उचलेपर्यंत ते त्याच फोटोचं. मधे दुसऱ्या फोटोवरून गेलं तरी. किवीत याला ‘ग्रॅब’ म्हणतात. हा नियम पाळला की सून आणि सासूबाई एकमेकींच्या आड येत नाहीत, कारण हावभाव टेबलभराचा राहत नाही, त्या-त्या फोटोचा होतो. एकाच फोटोवर दोघींचं एकेक बोट पडलं तर? इथे जुनं माप कामी येतं: दोन बोटांत एका वितेहून, म्हणजे सुमारे २२ सेंमीहून जास्त अंतर असेल तर ती एका हाताची नाहीत. पहिलीकडे फोटो ठेवा, दुसरीचं बोट मोजू नका. काही ठिकाणी दोघींनी मिळून ताणणंच हवं असतं, ते तुमच्या कामावर.

पिंच, फिरवणं, ओढणं: एकाच हिशेबात

तीन वेगळे ओळखणारे लिहून ‘आता झूम चालू, आता फिरवणं चालू’ असं ठरवत बसू नका. दोन बोटं असली की तिन्ही गोष्टी एकाच हिशेबातून निघतात.

समजा मागच्या फ्रेममध्ये बोटं (३००, ४००) आणि (५००, ४००) वर होती, आता (२८०, ४२०) आणि (५६०, ४००) वर आहेत. दोघांमधला जुना फरक (२००, ०), नवा (२८०, −२०). फरकातला पहिला आकडा क्ष, दुसरा य. आता दोन संख्या काढा:

क = (जुना क्ष × नवा क्ष + जुना य × नवा य) ÷ जुन्या अंतराचा वर्ग = ५६००० ÷ ४०००० = १.४

ख = (जुना क्ष × नवा य − जुना य × नवा क्ष) ÷ तोच वर्ग = −४००० ÷ ४०००० = −०.१

जुना मध्य (४००, ४००), नवा मध्य (४२०, ४१०). फोटोचा केंद्रबिंदू (४५०, ३५०) असेल तर जुन्या मध्यापासून तो (५०, −५०) वर. नवा केंद्रबिंदू:

क्ष = ४२० + १.४ × ५० − (−०.१) × (−५०) = ४८५
य = ४१० + (−०.१) × ५० + १.४ × (−५०) = ३३५

फोटोचा आकार क आणि ख यांच्या वर्गांच्या बेरजेच्या वर्गमुळाने, म्हणजे १.४०४ पटीने वाढतो, आणि तो चार अंशांनी वळतो. पडताळा म्हणून हाच हिशेब पहिल्या बोटाच्या जुन्या जागेला लावा, बरोबर (२८०, ४२०) येईल. बोटाखालची साजाची कडी बोटाखालीच राहिली पाहिजे, एवढीच कसोटी.

दोन धोके. बोटं जवळजवळ चिकटली की जुनं अंतर शून्याकडे जातं आणि फोटो अवाढव्य होतो, म्हणून दीड सेंटिमीटरपेक्षा कमी अंतरावर नुसतं ओढणं चालू ठेवा. दुसरा धोका मोठा: बोटांची संख्या बदलते तो क्षण. दोनांपैकी एक उचललं की मध्यबिंदू एकदम उरलेल्या बोटावर जातो, तिसरं टेकलं की पुन्हा हलतो. संख्या बदललेल्या फ्रेममध्ये फोटो हलवूच नका. फक्त ‘जुन्या’ जागा नव्याने नोंदवा आणि पुढच्या फ्रेमपासून हिशेब सुरू करा. इतका साधा नियम, पण लोकांनी लिहिलेल्या अ‍ॅपमध्ये सगळ्यात जास्त वेळा हाच गाळलेला दिसतो.

टिचकी, दाबून धरणं आणि स्वाइप यांना पिक्सेल नव्हे, मिलिमीटर लावा, म्हणजे पडदा बदलला तरी वागणं बदलत नाही. मोठ्या टेबलासाठी सुरुवातीला: ५ मिमीपेक्षा कमी हलून ३०० मिलिसेकंदांत उचललं तर टिचकी, तितकंच स्थिर राहून ५०० ओलांडले तर दाबून धरणं, ५ मिमी ओलांडलं की ओढणं. स्वाइपचा वेग शेवटच्या १०० मिलिसेकंदांवरून काढा. शेवटच्या दोन फ्रेमवरून काढलात तर उचलताना बोट जे किंचित मागे घसरतं त्याने दिशाच उलटी येते.

गोल, त्रिकोण, बरोबरची खूण असे आकार ओळखायचे असतील तर २००७ चा ‘डॉलर वन’ अल्गोरिदम पाऊणशे-शंभर ओळींत लिहून होतो: रेघेचे समान अंतरावरचे ६४ बिंदू करा, ठरावीक कोनात फिरवा, एका मापाच्या चौकोनात बसवा, केंद्र शून्यावर आणा, नमुन्यांशी अंतर मोजा. सरळ रेघ त्याला ओळखता येत नाही, कारण चौकोनात ताणली की तिचा थरकापच आकार बनतो. दोन-तीन रेघांच्या खुणांसाठी २०१२ चा ‘डॉलर पी’ घ्या.

थरथर आणि रेंगाळणं

ठिपक्याचा मध्य एका पिक्सेलने हलला की पडद्यावर सव्वा मिलिमीटरची थरथर दिसते. सरासरी घेऊन ती घालवली तर फोटो बोटामागे रबराने बांधल्यासारखा येतो. ‘वन युरो’ फिल्टर इथे चपखल बसतो: बोट सावकाश असताना जास्त गाळतो, वेगात असताना सोडून देतो. जुळवताना बीटा (वेग वाढला की गाळणं किती सैल करायचं तो आकडा) शून्य ठेवा, कटऑफ (स्थिर बोट किती गाळायचं तो आकडा) १ हर्ट्झपासून सुरू करा, बोट स्थिर ठेवून थरथर थांबेपर्यंत तो कमी करा. मग वेगात ओढत फोटो मागे पडायचा थांबेपर्यंत बीटा वाढवा. दोन्ही आकडे एकदम हलवू नका. प्रत्येक बोटाचा फिल्टर वेगळा आणि तोही त्याच्या नंबराला बांधलेला. नंबर गेला की फिल्टर फेकून द्या, नाहीतर नवं बोट जुन्या बोटाच्या जागेवरून घसरत येताना दिसतं.

एकूण उशीर मोजायला मोबाइलचा २४० फ्रेमचा स्लो मोशन पुरतो. बोट आणि फोटो एकत्र टिपा, बोट हलल्यापासून फोटो हलेपर्यंतच्या फ्रेम मोजा, प्रत्येक फ्रेम ४ मिलिसेकंदांहून किंचित जास्त. शंभर मिलिसेकंदांच्या वर गेलात तर आधी प्रोजेक्टरचा किंवा टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा. बहुतेक उशीर तिथेच असतो आणि आपण उगाच कोड खरवडत बसतो.

हवेतले हावभाव

कॅमेऱ्यासमोर हात हलवून चालणारं काही हवं असेल तर मीडियापाइप ही तयार लायब्ररी प्रत्येक हाताचे २१ बिंदू देते. चिमूट ओळखायला अंगठ्याचं टोक, क्रमांक ४, आणि तर्जनीचं टोक, क्रमांक ८, यांतलं अंतर घ्या. पण त्याला मनगट ते मधल्या बोटाचं मूळ, म्हणजे ० ते ९ या अंतराने भागा, नाहीतर माणूस एक पाऊल मागे सरला की चिमूट आपोआप लागते. इथेही दोन आकडे: ०.२५ च्या खाली लागली, ०.४० च्या वर सुटली. दुकानासाठी हे सुचवणार नाही. दोन मिनिटांत हात भरून येतात आणि गिऱ्हाईक टेबल सोडून सरळ साज हातात मागतं.

टेबल जागेवर गेल्यानंतर

ट्रॅकरमध्ये पहिल्या दिवसापासून एक सोय ठेवा: कॅमेऱ्याचं कच्चं चित्र फाइलमध्ये साठवणं आणि तीच फाइल पुन्हा चालवणं. गर्दीतली दहा मिनिटं साठवली की घरी बसून थ्रेशोल्ड बदलत तोच गोंधळ हवा तितक्या वेळा उभा करता येतो. नंबरांची अदलाबदल मोजायची तर दोन बोटांनी एकमेकांजवळून फुली मारल्यासारखे शंभर फेरे साठवा आणि प्रत्येक बदलानंतर तेच चालवून बघा.

जून ते सप्टेंबर ट्रेसिंग पेपर दमट होऊन लाटा धरतो आणि लाट जिथे अ‍ॅक्रिलिकला टेकते तिथे कायमचा ठिपका दिसतो. कागदाच्या कडा चौकटीत घट्ट आवळून न धरता सरकायला मोकळ्या ठेवा. ओल्या छत्र्या-रेनकोटचं पाणी टेबलावर ठिबकलं तर पेपर फुगतो, वरून पातळ पारदर्शक फिल्म टाकलीत तर पुसता येतं.

वीज जाऊन आल्यावर ट्रॅकर आपोआप सुरू झाला पाहिजे, आणि रिकाम्या टेबलाचं चित्र त्याने तेव्हाच नव्याने घेतलं पाहिजे. मात्र अंधारात वाट बघणारं कुणीतरी टेबलाला टेकून उभं असतं. त्याचं कोपर त्या ‘रिकाम्या’ चित्रात जातं आणि ते बाजूला झाल्यावर तिथे बोट उमटेनासं होतं. म्हणून एकच चित्र न घेता पहिल्या दहा सेकंदांतल्या फ्रेममधून प्रत्येक पिक्सेलची सगळ्यात कमी किंमत धरा, आणि पुढे दिवसभर उजेड बदलेल तसं हे चित्र हळूहळू सरकू द्या. हळूहळू म्हणजे तीन-चार मिनिटांच्या वेगाने. दहा सेकंदांच्या वेगाने सरकवलंत तर साजाच्या पानावर बोट ठेवून भाव विचारणाऱ्या बाईचं बोट तिच्या डोळ्यांदेखत नाहीसं होईल.